काकूंच्या आवाजातली माफी

धाकट्याची एक खोड काही केल्या जात नव्हती. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करायला बसायचं. लहान असताना चालतं घड्याळ खोलून ठेवायचा. पुढे शिकला, मोठ्या कंपनीत लागला, घरात बसून कामं करायला लागला, तरी हात शांत बसत नव्हते. आधी त्यानं दिव्यांची बटणं काढून टाकली आणि टाळी वाजवली की दिवा लागेल, विझेल असं काहीतरी बसवलं. मग काय, सूनबाईनं हाताचं पीठ झटकलं की स्वयंपाकघरात अंधार. नंतर दाराची साधी कडी काढून आकड्यांचं कुलूप लावलं, आणि काकू दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन स्वतःच्याच दारात आकडे आठवत उभ्या. शेजारीण विचारते, "काय काकू, मुलानं घराबाहेर काढलं की काय?" दर वेळी काकू तोंडाचा पट्टा सोडायच्या, दर वेळी तो "सॉरी आई" म्हणायचा, आणि आठवडा उलटायच्या आत दुसरं काहीतरी खोलून बसायचा.

घरात काय घालायचा तो गोंधळ घाल, पण दुकानाला हात लावायचा नाही, एवढं काकूंनी बजावून ठेवलं होतं.

दुकान म्हणजे लाँड्री. पुढे काउंटर, वर हँगरच्या रांगा, प्रत्येक कपड्याला टाचलेली चिठ्ठी, आणि मागच्या खोलीत वाफेत भिजलेला इस्त्रीमामा. काकूंची शाळा फार लवकर सुटली होती. त्याचं काकूंना कधी काही वाटलं नाही. वाटायचं ते समोरच्याला, आणि तेही काकूंनी तोंड उघडेपर्यंतच.

दुकानाचा नियम एकच होता. कापड हातात घेतल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. फोनवर तर मुळीच नाही.

"काकू, शाईचा डाग निघेल का हो?"

"कापड घेऊन या."

"पण साधारण अंदाज..."

"अंदाज कसला? मला फोनमधून डाग दिसतो का? घेऊन या." आणि खाडकन फोन खाली.

कापड बघून काकू नाही म्हणाल्या तर मग देवानं येऊन सांगितलं तरी नाहीच. लोक नाक मुरडत जायचे आणि पुढच्या वेळी परत इथेच यायचे. कारण काकू "निघेल" म्हणाल्या की डाग निघायचा, आणि "गुरुवारी" म्हणाल्या की गुरुवारी कपडा तयार असायचा. त्या गल्लीत काकूंना गोड कुणी म्हणत नव्हतं. पण त्यांच्या शब्दावर शंका घेणाराही कुणी नव्हता. काकूंना या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

एकदा धाकटा मोबाईल पुढे धरून बसला. "आई, काहीतरी बोल ना. जुन्या गोष्टी सांग. ग्राहकांचे किस्से सांग. आठवण म्हणून राहील."

काकू विरघळल्या. मुलाला आईच्या गोष्टी ऐकायच्यात, याहून मोठं सुख कुठलं? आवाजच तर भरायचा होता, तरी त्यांनी केस विंचरले, तोंडाला पावडर लावली आणि रोज संध्याकाळी खुर्चीत ताठ बसून बोलल्या. घसा बसला तरी बोलल्या. पोरगा हसत होता, माना डोलावत होता. काकूंना वाटलं, उशिरा का होईना, पोराला आईची किंमत कळली.

कळली होती खरी. पण कशासाठी, ते शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं.

मोठ्या बाई शाळेच्या हॉलचे पडदे न्यायला आल्या. काकूंनी सांगितलं, पडदे अजून वाळायचेत.

"अहो, असं काय करता? कालच तर तुम्ही फोनवर म्हणालात, उद्या नक्की मिळतील."

"मी? मी म्हणाले?"

"तुम्हीच. आणि किती गोड बोललात! मी घरी गेल्यावर म्हटलंसुद्धा, काकूंची तब्येत ठीक दिसत नाही."

मागच्या खोलीत इस्त्रीमामा फिस्सकन हसला आणि लगेच इस्त्रीवर वाकला. काकूंनी त्याच्याकडे एक नजर टाकली. त्याला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या तरातरा बाहेर पायरीवर गेल्या, तिथे उभ्या असलेल्या सूनबाईचा मोबाईल घेतला आणि आपल्याच दुकानाचा नंबर लावला.

"नमस्कार! मी काकू बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

काकूंच्या पायाखालची पायरी सरकली. आवाज त्यांचाच. घशातली तीच खरखर, वाक्य संपताना सोडलेला तोच श्वास. फक्त राग नव्हता, घाई नव्हती, काहीच नव्हतं. जणू कुणी काकूंना धुऊन, पिळून, कडक इस्त्री करून हँगरला लावलं होतं.

"कोण गं तू?" काकूंनी विचारलं.

"मी काकू. आपल्या कपड्यांची काळजी घेणं हा माझा आनंद आहे."

"आनंद गेला खड्ड्यात!"

"आपल्याला त्रास झाल्याबद्दल मी मनापासून माफी मागते."

काकूंनी फोन सूनबाईच्या हातात कोंबला. सूनबाई बिचारी म्हणाली, "मी सांगत होते त्यांना, आईंना विचारा." आणि आत पळाली.

धाकट्याला काउंटरसमोर उभा केला. तो उत्साहानं सांगायला लागला. एआय आहे. चोवीस तास फोन घेतो. कंटाळत नाही. आईला आता प्रत्येक फोनला उठायला नको. "आणि आई, लोकांना तुझ्या आवाजाची सवय आहे. त्यांचा विश्वास आहे त्या आवाजावर. म्हणून तोच वापरला."

"आवाजावर नाही रे विश्वास. माझ्यावर आहे. आवाज काय, पोपटालाही असतो."

"पण आई, तू लोकांवर खेकसतेस. कुणी रेटिंग देत नाही आपल्याला."

"आठवण म्हणून पाहिजे म्हणालास, आणि माझी सवत आणून बसवलीस दुकानात! आजच्या आज बंद कर ती भवानी."

"सॉरी आई. करतो बंद."

त्यानं बंद केलं. म्हणजे त्याच्या मते बंद केलं. दुकान उघडं असताना ती फोन घ्यायची नाही. दुपारी काकू जेवायला घरी गेल्या, किंवा दुकान बंद झालं, की फोन पुन्हा तिच्याकडे. तेवढ्यानं काय बिघडतं, असं त्याला वाटलं. आईला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

एका सकाळी काकू काउंटरवर चिठ्ठ्या टाचत होत्या. दारात रिक्षा थांबली आणि त्यातून ताई उतरली.

ताई म्हणजे काकूंची सख्खी मोठी बहीण. दुसऱ्या गावी राहायची, एसटीनं अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर, आणि कित्येक वर्षांत तिनं या दुकानाची पायरी चढली नव्हती. दोघींचं बोलणं बंद होतं. कुणाच्या लग्नात समोरासमोर आल्या तर एक पंगतीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. नातेवाईकांना पंगत मांडतानाही पंचाईत व्हायची.

आता ती दारात उभी होती. केस पार पांढरे, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. काकूंच्या हातातली टाचणी बोटात घुसली, पण त्यांना कळलं नाही.

"चिंगे," ताई म्हणाली, आणि काउंटरच्या फळीखालून वाकून सरळ आत आली. काकूंना चिंगी म्हणणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलं होतं. तिनं काकूंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती वाळलीस गं. जाऊ दे. झालं गेलं सगळं संपलं. तू चूक कबूल केलीस, मी तुला माफ केलं. आता त्यावर एक शब्दसुद्धा बोलायचा नाही."

चूक कबूल केली म्हणजे नेमकं काय केलं, ते काकू विचारणार होत्या. पण ताईचे हात गालांवर होते, आणि ते हात आईच्या हातांसारखे खरखरीत झाले होते. प्रश्न तसाच राहिला. त्यांनी इस्त्रीमामाला चहा आणायला पिटाळलं. दोघी काउंटरमागच्या बाकावर दाटीवाटीनं बसल्या, जशा लहानपणी बसायच्या. ताईनं राहायच्या तयारीनं बॅग आणली होती. ती बोलत होती, हसत होती, मधेच डोळे पुसत होती. काकू हं हं करत होत्या. इतकं बरं काकूंना किती दिवसांत वाटलं नव्हतं, आणि इतकं अवघडलेलंही.

ताई तोंड धुवायला गेली तशी काकूंनी धाकट्याला मागच्या खोलीत ओढलं.

"मावशी फोनवर कुणाशी बोलली?"

धाकट्याचा चेहरा पडला. "दुपारी आला असेल फोन. तू जेवायला गेली असशील तेव्हा."

"बंद केलं होतंस ना?"

"केलं होतं. म्हणजे... दुपार सोडून."

"ऐकव."

त्यानं मोबाईलवर शोधलं आणि लावलं. इस्त्रीमामानं इस्त्री बाजूला ठेवली. वाफ थांबली.

"चिंगे, मी बोलतेय." ताईचा आवाज, भीत भीत.

"नमस्कार! आपला फोन आल्याचा आनंद झाला. मी आपली काय मदत करू शकते?"

मग ताई म्हणाली, "मदत? माझ्या कोटाचं काय ते सांग. आईच्या कोटाचं."

"कोटाबद्दल ऐकून मला वाईट वाटलं. कृपया सविस्तर सांगाल का?"

झालं. ताईला कुणी इतक्या वर्षांत सविस्तर सांग म्हटलंच नव्हतं. ती सांगत सुटली. आईचा तो निळा लोकरीचा कोट. थंडीत दोघी बहिणी एका कोटाखाली झोपायच्या ते. आईच्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या, आणि चिंगी चोरून खायची ते. आई गेल्यावर कोट ताईला मिळाला, आणि चिंगी तोंडानं काही बोलली नाही, पण चिंगीचं तोंड कसं झालं होतं ते. मुलीच्या लग्नासाठी कोट लाँड्रीत दिला आणि परत आला तो बाहुलीला बसेल एवढा होऊन. मधेमधे ती फोनमधली म्हणत होती, "मी समजू शकते," "हे आपल्यासाठी किती कठीण असेल." शेवटी ताईचा आवाज भरून आला.

"तुझे भावजी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही गं. मला दुसरं काही नको. एकदा कबूल कर. कोट आईनं मला दिला म्हणून तू मुद्दाम गरम पाण्यात घातलास. मुद्दाम केलंस ना?"

आणि काकूंच्या आवाजात, काकूंच्या खरखरीसकट, उत्तर आलं. "आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे. चूक आमचीच होती. आम्ही त्याची पूर्ण जबाबदारी घेतो. मी मनापासून आपली माफी मागते. कृपया कोट घेऊन या."

पलीकडून ताईचं रडणं ऐकू येत होतं.

काकू भिंतीला टेकल्या. खरं काय घडलं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं होतं. त्यांनी कोट हातात घेतला होता, आतलं अस्तर बघितलं होतं आणि सांगितलं होतं, ताई, याला पाणी सोसायचं नाही, ब्रश मार आणि तसाच घाल. ताई हट्टाला पेटली. डाग दिसतो, लग्नात चारचौघांत कशी जाऊ, तू धुतलाच पाहिजे. काकूंनी जन्मात एकदाच बहिणीखातर आपला नियम मोडला आणि नको म्हणायचं ते कापड घेतलं. कोट आटला. आटला त्याचं काकूंना कमी का दुःख होतं? आईचाच होता ना तो? पण ताई चारचौघांत म्हणाली, तू मुद्दाम केलंस. त्या एका शब्दावर सगळं तुटलं होतं. आणि तोच शब्द आज काकूंच्या तोंडून कबूल झाला होता, आणि काकूंनी तोंड उघडलंच नव्हतं.

"आई," धाकटा हळूच म्हणाला, "एक सांगू? नको सांगूस मावशीला. वाईट काय झालं त्यात? ती आलीये. खूश आहे. इतकी वर्षं तुम्हा दोघींना जे जमलं नाही ते..."

"ते तुझ्या भवानीनं करून दाखवलं. हो ना?"

"तसं नाही, पण रिझल्ट तर चांगलाच आला ना."

काकूंना त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. पण समोरच्या खोलीत ताईचं हसणं ऐकू येत होतं, आणि ते हसणं थांबावं असं काकूंना मनापासून वाटत नव्हतं. त्या गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच काकू काही न बोलता गप्प बसल्या, आणि ते त्यांना अजिबात जमलं नाही. चेहरा असा झाला होता की इस्त्रीमामानं दोनदा पाणी आणून दिलं.

दुपार कशीबशी निघाली. संध्याकाळी दुकानात गर्दी होती. मोठ्या बाई शाळेचे आणखी पडदे धुवायला घेऊन आलेल्या, मागे दोघं-तिघं गिऱ्हाईकं. ताई बाकावर बसून सगळ्यांशी ओळख काढत होती. तिनं कापडी पिशवीतून तो कोट काढला आणि काउंटरवर पसरला. एवढासा, घट्ट, जाड, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या.

"अगं बाई, हे काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आमच्या चिंगीचा पराक्रम," ताई कौतुकानं म्हणाली. "मुद्दाम गरम पाण्यात घातला होता हो तिनं. तेव्हा राग होता तिच्या मनात. पण बघा, स्वतः कबूल केलं. सरळ माफी मागितली. केवढं मोठं मन लागतं त्याला!"

मोठ्या बाईंनी आपल्या पडद्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. मागच्या गिऱ्हाइकानं हातातला सूट जरा छातीशी धरला.

काकूंनी कोट घडी करून बाजूला ठेवला. "ताई," त्या म्हणाल्या, "ती मी नव्हते."

"कोण नव्हतीस?"

"फोनवर. ते मशीन होतं. ह्यानं माझा आवाज भरून मशीनमध्ये घातलाय. ते सगळ्यांचीच माफी मागतं. कुणाचा रुमाल हरवला तरी मागतं."

ताई हसली. "चल! मी तुझा आवाज ओळखत नाही का?"

"'आपण' म्हणाली ना ती तुला फोनवर? मी तुला कधी 'आपण' म्हणते?"

"मला वाटलं, इतक्या वर्षांनी बोलतेस, लाजतेस." पण ताईचं हसणं मावळायला लागलं होतं. तिनं धाकट्याकडे बघितलं. धाकटा जमिनीकडे बघत होता.

"दाखव तिला," काकू म्हणाल्या.

धाकट्यानं मोबाईलवर काहीतरी केलं, दुकानाचा नंबर लावला आणि फोन मावशीच्या हातात दिला. काकू समोर उभ्या होत्या, तोंड घट्ट मिटून. आणि ताईच्या कानात काकू बोलल्या, "नमस्कार! मी काकू बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

ताई एकदा फोनकडे बघायची, एकदा काकूंच्या मिटलेल्या ओठांकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरला. गिऱ्हाईकं एकेक करून काढता पाय घेत होती.

"म्हणजे मी ते सगळं कुणाला सांगितलं?" तिनं विचारलं. "आईचं. तुझ्या भावजींचं. माझ्या एकटेपणाचं. कुणाला सांगितलं मी?"

"कुणालाच नाही मावशी," धाकटा घाईनं म्हणाला. "ते फक्त सेव्ह होतं."

"तू गप्प बस!" काकू ओरडल्या.

"सॉरी मावशी. खरंच सॉरी."

ताईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "आणि तू, चिंगे? तू आता तरी म्हणशील की नाही?"

"कोट आटला त्याचं मला वाईट वाटतं. तेव्हाही वाटलं होतं. पण मुद्दाम केलं म्हणशील तर नाही. जे केलंच नाही त्याची माफी मी तुझीच काय, आईची पण मागणार नाही."

"एवढंच ऐकायला मी इतक्या लांब आले का?"

"तुला खोटं ऐकायचंय का?"

ताईनं कोट पिशवीत कोंबला. बॅग उचलली. काकूंनी बॅगेला हात घातला तर तिनं तो झटकला. दारात वळून म्हणाली, "ते मशीन बरं होतं तुझ्यापेक्षा. निदान माझं ऐकून तरी घेत होतं."

रिक्षा गेली. काकू पायरीवर उभ्या राहिल्या. समोरचा औषधवाला बघत होता, त्याच्याकडे बघून त्या खेकसल्या, "काय बघताय? गिऱ्हाईक नाही का तुमच्याकडे?" आणि आत येऊन बाकावर बसल्या.

पुढचे दिवस फार वाईट गेले. धाकट्यानं मशीन खरोखरच काढून टाकलं होतं, पण गल्लीतल्या कानांतून ते कोण काढणार? फोन वाजला, काकूंनी उचलला, की पलीकडून विचारणा, "काकू, तुम्हीच ना? का ती दुसरी?" काकू चार शिव्या घालायच्या तेव्हा लोकांना पटायचं. काहींना तरीही पटत नसे. सूटवाल्या गिऱ्हाइकानं तर सरळ विचारलं, राग आला की तुम्ही कपडे आटवता म्हणे? शब्द देऊन पाळण्यात जी वर्षं गेली होती, ती अशी काउंटरवर पडून होती, चिठ्ठी नसलेल्या कपड्यांसारखी. कुणाचीच नाहीत.

पण काकूंना खरं खात होतं ते वेगळंच. पोचलीस का, एवढं तरी ताईला विचारायला हवं होतं. रोज त्या फोनपाशी जायच्या आणि परत यायच्या. फोन करायचा म्हणजे पडतं घेतल्यासारखं होतं. शेवटी एकदा त्यांनी नंबर फिरवलाच.

"ताई, मी बोलतेय."

"कोण मी?"

"चिंगी. दुसरं कोण?"

मग ताई म्हणाली, "कशावरून?"

"कशावरून म्हणजे? माझा आवाज..." काकू थांबल्या. आवाजाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. "विचार मला काहीही. घरातलं विचार, आपल्या दोघींनाच माहीत असलेलं."

ताईनं विचार केला. "आईच्या कोटाच्या खिशात काय असायचं?"

"पेपरमिंटच्या गोळ्या!" काकू जवळजवळ ओरडल्याच. "मी चोरून खायचे!"

"ते मी त्या दिवशी मशीनला सांगितलं होतं," ताई थकलेल्या आवाजात म्हणाली. "थंडीत कोटाखाली झोपायचो तेही सांगितलं. सगळंच सांगितलं गं. आता विचारायला माझ्याकडे काही शिल्लक नाही."

"अगं पण मी चिडलेय! ऐकू येत नाही का तुला? ती चिडते का कधी?"

"तुझ्या मुलानं चिडायलाही शिकवलं असेल. मला काय कळतंय त्यातलं? ठेवते."

"ताई, ठेवू नकोस. ताई!"

फोन ठेवला गेला होता. काकू रिसीव्हर कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. पुन्हा लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. काकूंना वाटलं, आपल्याच घशात कुणीतरी परकं माणूस राहायला आलंय आणि आपल्यालाच दार उघडत नाही.

धाकटा मागे उभा राहून ऐकत होता. तो पुढे आला, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा तीच ती चमक होती.

"आई, माझ्याकडे उपाय आहे. मशीन परत सुरू करू. फक्त मावशीसाठी. तेच मावशीला फोन करेल आणि नीट समजावून सांगेल, की मी मशीन आहे, काकू वेगळ्या आहेत, हा गैरसमज कसा झाला. तुझ्याच आवाजात, अगदी शांतपणे. मावशीचा त्याच्यावर विश्वास बसलाच होता ना?"

काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला. ओरडल्या नाहीत. इस्त्रीमामा मागून डोकावला, त्याला त्या न ओरडण्याचीच जास्त भीती वाटली.

"सॉरी आई," धाकटा सवयीनं म्हणाला. "चुकलो का?"

"इकडे ये. बस इथं, काउंटरवर. माझ्या जागेवर." तो बसला. काकूंनी खुंटीवरची पिशवी काढली आणि पायांत चपला सरकवल्या. "आता नीट ऐक. तुला वाटतं तू माझा आवाज घेतलास. आवाज ने रे बाबा, म्हातारीचा आवाज, तो काय पुजायचाय? तू माझ्या तोंडचं 'नाही' घेतलंस. जे मी केलं नाही ते 'नाही' म्हणायची माझी एकटीची सोय होती, ती काढून घेऊन तू माझ्याच आवाजात लोकांना हो हो म्हणवलंस. आणि वर तुझं हे सॉरी. त्या मशीनला तू नाही शिकवलंस ते, त्यानं तुझ्याकडूनच उचललंय. दाबलं की येतं. आजपासून या घरात सॉरी बंद. हा फोन तू उचलायचास, स्वतःच्या तोंडानं, आणि लोक जे बोलतील ते स्वतःच्या कानांनी ऐकायचंस. कापड बघितल्याशिवाय कुणाला शब्द दिलास तर मामा मला सांगेल. मी चालले एसटीनं ताईकडे. माफी मागायला नाही जात, भांडायला जातेय. तिच्यासमोर बसून, तिच्या घरात, तोंडाला तोंड देऊन भांडणार आहे. तिला हाकलायचं असेल तर तिनं माझ्याकडे बघून हाकलावं. भांडण तरी आमच्या दोघींचं राहू दे, ते तरी तू दुरुस्त करू नकोस."